नानांची आख्यानं जुन्या एक्सपीवरून नव्या लॅपटॉपवर आणायची आहेत, पण अक्षरंच बदलतात

दांडियाबाजार:

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहिते आहे.

आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, कॉम्प्युटर २००४ सालचा आहे. पेन्टियम फोर, विंडोज एक्सपी, ८० जीबीची डिस्क. नोकरीतून निवृत्त झाल्यावर नाना कीर्तन करायला लागले आणि तेव्हापासूनची सगळी आख्यानं त्यांनी स्वतः त्यावर टाईप केली. पूर्वरंगाची फाईल वेगळी, उत्तररंगाची वेगळी, साक्या, दिंड्या, कटाव यांचं निराळं फोल्डर. शिवाय घराण्याची वंशावळ आहे. अमेरिकेतल्या आत्यांची जुनी पत्रं आउटलुक एक्सप्रेसमध्ये आहेत. पुतण्याच्या मुंजीचा आणि चातुर्मासातल्या एका कीर्तनाचा व्हिडिओ आहे, कॅसेटवरून उतरवलेला.

आता नानांना त्या जुन्या स्क्रीनवर नीट दिसत नाही म्हणून मोठ्या पडद्याचा लॅपटॉप घेतला. विंडोज ११ आहे. मी काही फाईली पेनड्राईव्हने आणून बघितल्या तर वर्डची फाईल उघडते, पण आत इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, टक्के, कंस. एकही मराठी अक्षर नाही. नानांनी ते बघितलं आणि काही न बोलता उठून गेले. व्हिडिओ तर कॉपीच होत नाही. पेनड्राईव्ह ३२ जीबीचा आहे, रिकामा आहे, तरी जागा नाही म्हणतो.

वंशावळीच्या फोल्डरमधल्या फाईलींची नावं हिरवी दिसतात आणि फोटोंच्या एका फोल्डरची निळी. ते काय असतं?

सयाजीगंजात एका दुकानात विचारलं. तो म्हणाला, "बेन, आ तो भंगार छे, डेटा काढीने फॉर्मेट करी दऊं." पण कॉम्प्युटर त्याच्याकडे सोडून जायला नाना तयार नाहीत, आणि मलाही धीर होत नाही. घरच्या घरी करता येईल का? मला कॉम्प्युटरवर रोजचं काम जमतं, पण आतलं काही उघडलेलं नाही.

प्रतापनगर:

ताई, दोन्ही मशीनला एकाच राउटरवर केबल लावा, जुन्यावर फोल्डर शेअर करा, नव्यावरून ओढून घ्या. पेनड्राईव्हची भानगडच नको. आमच्या ऑफिसात पूर्वी सगळं असंच चालायचं.

मराठी अक्षरांचं माहीत नाही. गुगलचं मराठी टाईपिंग टाकून बघा, कदाचित दिसतील.

खिळेजुळणी:

प्रतापनगर, पूर्वी चालायचं हे खरं, पण आता चालणार नाही. एक्सपीला फाईल शेअर करायची एकच जुनी पद्धत येते, एसएमबी १. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय ह्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा धुमाकूळ झाला तो ह्याच पद्धतीतल्या भोकातून. तिच्यातले धोके आधीपासून माहीत होतेच, त्यामुळे मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून ती बंद ठेवून द्यायला सुरुवात केली. लॅपटॉपवर ती मुद्दाम चालू करता येते, पण कृपा करून करू नका. आणि एक्सपीला इंटरनेटची केबल तर अजिबात लावू नका. त्याला मायक्रोसॉफ्टच्या नियमित सुरक्षा दुरुस्त्या मिळणं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं.

ताई, मी रावपुऱ्यात डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, मंडळांचे वार्षिक अंक, आरत्यांची पुस्तकं, आणि हो, कीर्तनकारांच्या आख्यानांच्या पुस्तिकाही. तुमच्या नानांसारख्यांच्या फाईली माझ्याकडे येतच असतात, आणि बहुतेक वेळा त्या येईपर्यंत जुना कॉम्प्युटर भंगारात गेलेला असतो. तुमचा अजून घरात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे नानांना आजच सांगा की त्यांचं एक अक्षरही गेलेलं नाही. आख्यान फाईलमध्ये जसंच्या तसं आहे. त्या काळी शिवाजी, कृतिदेव, श्री-लिपी, आकृती असे जे फॉन्ट होते ते आतून इंग्रजीच्याच जागा वापरायचे. म्हणजे फाईलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, आणि त्या जागी फॉन्ट मराठी अक्षराचं चित्र काढतो. जुन्या छापखान्यात बोलायचं तर फाईल म्हणजे कोणत्या खणातला खिळा कुठे लावायचा याची यादी, आणि फॉन्ट म्हणजे खिळ्यांनी भरलेली केस. तुम्ही यादी आणलीत, केस जुन्या घरीच राहिली. लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही म्हणून वर्डने यादी तशीच दाखवली. त्यामुळे गुगलचं टाईपिंग टाकून उपयोग नाही. ते युनिकोडचं आहे, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची जागा असलेल्या आजच्या पद्धतीचं, त्याचा ह्या फाईलींशी काही संबंध येत नाही.

कोणता फॉन्ट ते शोधायला सोपं आहे. लॅपटॉपवर ती विचित्र दिसणारी फाईल उघडा, मजकुरात कुठेही क्लिक करा आणि वर फॉन्टच्या नावाच्या चौकोनात बघा. फॉन्ट मशीनवर नसला तरी वर्ड त्याचं नाव तिथे दाखवतं. दोन-चार वेगवेगळ्या सालांच्या फाईली उघडून नावं कागदावर लिहून घ्या. शीर्षकाला एक, मजकुराला दुसरा असंही असतं, तेव्हा दोन्हीकडे क्लिक करा.

मग जुन्या कॉम्प्युटरवर सी ड्राईव्ह, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स. हे फोल्डर पूर्ण उचला. फक्त हवे ते फॉन्ट निवडत बसू नका, सगळेच घ्या. काही एमबीचाच प्रश्न आहे, आणि पुढे एखादी पंधरा वर्षांपूर्वीची फाईल उघडल्यावर कोणता फॉन्ट लागेल ते आज कळत नाही. मी तर म्हणेन, बाकी एकही फाईल न्यायच्या आधी हे फोल्डर न्या. लोक डॉक्युमेंट्स नेतात, फोटो नेतात, आणि फॉन्ट्सला हात लावत नाहीत, कारण ते विंडोजचं फोल्डर आहे, आपलं काही तिथे नाही असं वाटतं. नानांची सगळी मराठी त्याच फोल्डरवर उभी आहे.

लॅपटॉपवर त्या फॉन्टच्या फाईलवर उजवं क्लिक करून इन्स्टॉल म्हणा, सर्व वापरणाऱ्यांसाठी असा पर्याय असेल तर तो घ्या. वर्ड बंद करून पुन्हा उघडा. मजकूर होता तसा दिसेल.

व्हिडिओचं कारण वेगळं. ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राईव्ह बहुतेक फॅट ३२ पद्धतीने आखलेले येतात, आणि त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही, मग पेनड्राईव्ह सगळा रिकामा असला तरी. छोट्या डीव्ही कॅसेटवरून उतरवलेला एक तास म्हणजे साधारण १३ जीबी. बसणारच नाही. १२८ जीबीचा चांगला पेनड्राईव्ह घ्या आणि तो लॅपटॉपवर एनटीएफएस पद्धतीने फॉर्मेट करा. एक्सफॅट नको. एक्सपीला एक्सफॅट वाचायला वेगळं अपडेट लागतं आणि ते नानांच्या मशीनवर असेलच असं नाही. मोठी बाहेरची हार्डडिस्क आणायची घाईही करू नका. हल्लीच्या डिस्क पुष्कळदा जीपीटी पद्धतीने आखलेल्या असतात आणि नेहमीच्या ३२ बिट एक्सपीला त्या दिसत नाहीत.

पेनड्राईव्ह मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा. यूएसबी २ असलं तर १३ जीबीला दहा-पंधरा मिनिटं लागतील, पेनड्राईव्ह साधा असला तर आणखी. तीन-चार तास दाखवत असेल तर ते पोर्ट जुन्या यूएसबी १ च्या वेगाने चालतंय, दुसऱ्यात लावून बघा.

आता रंगांचं. निळी नावं म्हणजे विंडोजने जागा वाचवायला दाबून ठेवलेल्या फाईली. एक्सपीची डिस्क क्लीनअप जुन्या फाईली अशा दाबायची. त्यात काळजीचं काही नाही, नेहमीसारख्या कॉपी करा. हिरवी नावं मात्र कुलूपबंद फाईलींची. कोणीतरी त्यावर एन्क्रिप्शन लावलं आहे आणि त्याची किल्ली नानांच्या लॉगिनमध्ये आहे. त्या फाईली नानांच्या लॉगिनमधूनच, त्याच मशीनवर, आधी उघड्या करून घ्या. फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, आणि एन्क्रिप्टची खूण काढा. आतल्या सगळ्या फाईलींना लागू करा असं सांगा. नाव काळं झालं की झालं. हे न करता एनटीएफएसच्या पेनड्राईव्हवर नेलंत तर कुलूप तसंच सोबत जाईल आणि लॅपटॉपवर उघडणार नाही.

आणि म्हणूनच दुकानात सोडून आला नाहीत ते फार बरं केलंत. पासवर्ड आठवत नाही म्हटलं की कोणीतरी बाहेरून तो काढून देतो. एक्सपीमध्ये असा बाहेरून पासवर्ड बदलला की हिरव्या फाईलींची किल्ली निकामी होते. वंशावळ तशीच जागच्या जागी दिसत राहिली असती आणि कधीच उघडली नसती.

बाकी प्रश्न रात्री बघतो, आत्ता एका अंकाची प्रुफं जायची आहेत.

दांडियाबाजार:

दादा, काय लिहू. तुमचं सगळं नानांना वाचून दाखवलं. "खिळ्यांची केस" ऐकल्यावर त्यांची कळी खुलली. त्यांचे मामा छापखान्यात होते.

फॉन्टच्या चौकोनात शिवाजी ०१ असं नाव येतंय. शीर्षकालाही तोच. फॉन्ट्सचं फोल्डर आणलं, इन्स्टॉल केला, आणि सुदाम्याचं आख्यान उघडलं. पूर्ण मराठी. नानांनी खुर्ची ओढून घेतली आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं.

हिरव्या फाईलींची खूण काढली, नावं काळी झाली. नानांना पासवर्ड पाठ होता, म्हणाले, "मुंजीची तारीख, दुसरं काय असणार."

आता राहिलं ते असं. आत्यांची पत्रं कुठे साठवलेली असतात? आणि ही आख्यानं व्हॉट्सअॅपवर कीर्तन मंडळाला पाठवली तर त्यांच्या फोनवर दिसतील का? आणि कॉम्प्युटर मध्येच टक् टक् असा आवाज करतो. पंख्याचा नाही, तो वेगळा ओळखू येतो.

खिळेजुळणी:

ताई, आधी तो आवाज. टक् टक् डिस्कमधून येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि महत्त्वाचं तेवढं आत्ताच उतरवा. आख्यानं, वंशावळ, मग पत्रं, मग फोटो, सगळ्यात शेवटी व्हिडिओ. मोठी फाईल आधी लावून डिस्कला दमवू नका. चेकडिस्क, डिफ्रॅग असं काहीही चालवू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. आजारी डिस्कवर त्या गोष्टी तासन् तास वाचत आणि लिहीत राहतात. एखाद्या फाईलवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जा, तिच्याकडे शेवटी बघू.

डिस्क इतकी बिघडली की विंडोजच सुरू होईना, तरी धीर सोडू नका. ती काढून लॅपटॉपला बाहेरून जोडता येते. रुंद चपटी पट्टी लावलेली असेल तर ती आयडीई डिस्क, बारीक वायर असेल तर साटा. दोन्हींसाठी यूएसबीचं अॅडॅप्टर मिळतं, पण घेताना त्याच्यासोबत वेगळा वीजपुरवठा आहे ना ते बघून घ्या. टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबी ५ व्होल्टच देतं. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कचं अॅडॅप्टर स्वस्त मिळतं म्हणून लोक घेऊन येतात आणि डिस्क फिरतच नाही. मग डिस्क मेली असं समजतात.

पत्रं. आउटलुक एक्सप्रेसची साठवण लपवलेल्या फोल्डरमध्ये असते, डीबीएक्स नावाच्या फाईलींत. त्या नेल्या तरी आजचे मेलचे प्रोग्रॅम त्यांना सहज ओळखत नाहीत. त्यापेक्षा जुन्या मशीनवरच आउटलुक एक्सप्रेस उघडा, डेस्कटॉपवर एक रिकामं फोल्डर करा, यादीतली सगळी पत्रं निवडा आणि ओढून त्या फोल्डरमध्ये टाका. प्रत्येक पत्राची एक ईएमएल फाईल होते, सोबत आलेल्या फोटोसकट. ती आजच्या बहुतेक मेल प्रोग्रॅममध्ये उघडते. पाठवलेल्या पत्रांचं फोल्डर (सेंट आयटम्स) वेगळं असतं, तेही विसरू नका. आत्यांनी काय लिहिलं ते इनबॉक्समध्ये, पण नानांनी काय उत्तर दिलं ते तिकडे आहे.

आता व्हॉट्सअॅप. वर्डची फाईल पाठवली तर तुम्हाला लॅपटॉपवर दिसलं तेच त्यांना फोनवर दिसेल, डॉलर आणि टक्के. शिवाजी फॉन्ट त्यांच्याकडे नाही. म्हणून लॅपटॉपवर फॉन्ट बसवून झाल्यावर प्रत्येक आख्यान पीडीएफ करून ठेवा. प्रिंटच्या यादीत मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ असतो, तो निवडला की झालं. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं सोबतच जातात, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या फोनवरही जसंच्या तसं दिसतं. मूळ वर्ड फाईल तरीही टाकू नका.

आणि वेळ मिळेल तसं युनिकोडमध्ये करायला घ्या. हे मी मनापासून सांगतो. पीडीएफ वाचता येते, पण नानांना उद्या एखादी ओवी बदलायची असेल, किंवा "सुदामा" असं शोधून सगळ्या आख्यानांत कुठे कुठे आलाय ते काढायचं असेल, तर ते युनिकोडमध्येच सहज होईल. शिवाजीचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात. कन्व्हर्टर फॉन्टनुसार वेगळा असतो, कृतिदेवचा शिवाजीला लावला तर नुसता गोंधळ होईल.

बदललेला मजकूर नानांकडून वाचून घ्या, आणि वाचताना दोन जागी नजर ठेवायला सांगा. एक ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाईप केलेली असते, आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवावी लागते. "स्थिती"सारख्या जोडाक्षरात कन्व्हर्टर पुष्कळदा वेलांटी चुकीच्या अक्षराला देतो. दुसरा रफार. तो जुन्यात अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या आधीचा अर्धा र म्हणून. "कीर्तन", "मूर्ती", "सर्व" हे शब्द तपासा, तिथे बरोबर असेल तर बाकी बहुतेक बरोबर असतं. कीर्तनाच्या मजकुरात आणखी एक सांगतो. साकी-दिंडीच्या ओळी लोक स्पेस मारून मारून जुळवतात. युनिकोडचा फॉन्ट रुंदीला वेगळा पडतो आणि त्या ओळी विस्कटतात. मजकूर गेला असं समजू नका, फक्त पुन्हा लावून घ्यायच्या.

राजेंद्रनगर, इंदूर:

खिळेजुळणी काकांनी अक्षरांचं सांगितलंच आहे, मी लॅपटॉपच्या बाजूचं सांगते. मी इंदूरला शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि पालकांची हीच अडचण येते.

ताई, विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा आपोआप वनड्राईव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, गेलेले असतात. फुकटची जागा ५ जीबी. तुम्ही तिथे मुंजीचा १३ जीबीचा व्हिडिओ टाकलात की जागा संपल्याच्या सूचना सुरू होतील, आणि घाबरून माणूस काहीतरी पुसायला लागतो. तिथून पुसलेलं लॅपटॉपवरूनही जातं. म्हणून नानांचं सगळं सी ड्राईव्हवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, डॉक्युमेंट्सच्या बाहेर. आख्यानं आकाराने लहान आहेत, ती हवी तर वनड्राईव्हवर एक जादा प्रत म्हणून ठेवा.

दुसरं, नवीन लॅपटॉपची डिस्क आतून कुलूपबंद येते. चांगली गोष्ट आहे, पण लॅपटॉप कधी बिघडला तर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्यात साठवलेली असते. खातं कोणाच्या नावाचं आहे? आमच्याकडे एका मुलाच्या वडिलांचा लॅपटॉप दुकानातल्याच मुलाने स्वतःच्या ईमेलवर सुरू करून दिला होता. की त्याच्या खात्यात, आणि तो मुलगा दुकान सोडून गेलेला. हे आजच बघून घ्या आणि की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

आणि कॉपी पूर्ण झाली का ते बघायला दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज काढा. फाईलींची संख्या आणि बाइटमधला आकार दोन्हीकडे सारखा हवा. साइज ऑन डिस्क असा दुसरा आकडा असतो तो जुळत नाही, त्याकडे लक्ष देऊ नका. फोटो तारखेने लावताना निर्मितीची तारीख आजची दिसेल, कारण ती प्रत आज झाली. फोटो कधी काढला ती तारीख फोटोच्या आतच असते, यादीत डेट टेकन निवडा, सगळे आपापल्या सालात बसतील.

प्रतापनगर:

माझं नेटवर्कचं सांगणं मागे घेतो. एसएमबीचं मला माहीत नव्हतं.

ताई, माझ्याकडे आयडीईचं अॅडॅप्टर पडून आहे, वीजपुरवठ्यासकट. डिस्क काढायची वेळ आली तर सांगा, घेऊन येतो. डिस्कच्या मागे एक छोटी टोपी असते, जंपर म्हणतात, ती मास्टरवर असली तर अॅडॅप्टरला डिस्क लगेच दिसते. ते मी करून देईन.

दांडियाबाजार:

सगळ्यांना सांगते. आख्यानं, वंशावळ, पत्रं, फोटो, सगळं लॅपटॉपवर आलं. संख्या आणि आकार जुळला. कीर्तनाचा व्हिडिओ आला. मुंजीचा अर्ध्यात अडकतोय आणि तेव्हाच तो टक् टक् आवाज वाढतो, म्हणून खिळेजुळणी दादा म्हणाले तसं थांबवलं आणि कॉम्प्युटर बंद करून ठेवला आहे. प्रतापनगर, तुमचं अॅडॅप्टर नक्की लागणार.

लॅपटॉपचं खातं माझ्या मुलीच्या नावाने आहे, की लिहून ठेवली.

नाना रोज संध्याकाळी एक आख्यान युनिकोडमध्ये तपासायला बसतात. वेलांटी आणि रफार सोडून त्यांनी एक तिसरी गोष्ट पकडली: ळ काही ठिकाणी ल झाला आहे. आणि वाचताना जुन्या ओव्या बदलायलाही लागले आहेत. अक्षर मोठं करून वाचता येतंय म्हणून फार खूश आहेत. आत्यांची पत्रं मी अजून त्यांना दाखवली नाहीत, आत्या गेल्यात. विचारून दाखवीन.

एक शेवटचं. नानांच्या आख्यानांची एक पुस्तिका पूर्वी छापली होती. छापखान्याने तेव्हा फाईल सीडीवर दिली होती. ती पेजमेकरची आहे, नावाच्या शेवटी पी-एम-डी आहे. नानांच्या कॉम्प्युटरवर कधी उघडलीच नव्हती. छापखाना आता बंद आहे. पुस्तिकेत काही पदं आहेत जी वर्डमध्ये नाहीत. त्याचं काही होईल का?

खिळेजुळणी:

होईल असं वाटतं. पी-एम-डी म्हणजे पेजमेकर ७, पुस्तकांची पानं लावायचा जुना प्रोग्रॅम. त्याच कामाच्या इनडिझाइन ह्या नंतरच्या प्रोग्रॅमच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या ती फाईल उघडतात, त्यानंतरच्या नाही. माझ्या एका मशीनवर सीएस ६ मी त्यासाठीच ठेवलं आहे.

फॉन्ट कोणता ते उघडल्यावर कळेल. छापखान्याची फाईल आहे म्हणजे बहुधा श्री-लिपी. तो विकतचा फॉन्ट, नानांच्या फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये नसणार. माझ्याकडे परवान्याचा आहे. उघडली की पदांची पीडीएफ आणि युनिकोड दोन्ही करून देतो. छापील पुस्तिकाही सोबत आणा, मजकूर तिच्याशी ताडून बघावा लागेल.

ळ चं नानांनी बरोबर पकडलं. कन्व्हर्टरच्या तक्त्यात ती जागा चुकली असेल. पण सगळे ल एकदम ळ करू नका, नाहीतर "लीला"चं भलतंच होईल. आख्यानात जे शब्द पुन्हा पुन्हा येतात, गोकुळ, बाळ, सकळ, त्यांचे चुकलेले शब्द एकेक शोधून बदला.

सीडी आधी लॅपटॉपवर कॉपी करून ठेवा, लॅपटॉपला सीडी लावायची सोय नसेल तर तशीच आणा, मूळ कव्हरसकट. रविवारी मी नसतो. सोमवारपासून दुपारी चारनंतर कधीही या, आणि नानांना जिने चढायला जमत असेल तर त्यांनाही आणा. पदांच्या चाली त्यांनाच विचाराव्या लागतील, ओळी कुठे तोडायच्या ते त्याशिवाय कळणार नाही.